हाकलणे आणि उठणे
इंग्रजीतील 'ड्राइव्ह आउट' आणि मराठीतील 'हाकलणे' या दोहोंचा संबंध गुरे हाकण्याशी आहे. त्यामुळे दोहोंत 'कोणी?' हा प्रश्न आपोआप उभा राहतो. 'गाव उठले' या अकर्मक प्रयोगात मात्र हाकणारा दिसेनासा होतो.

जोयडा तालुक्यातील अणशीचे रान 1987 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले व 2007 मध्ये व्याघ्रप्रकल्पात आले. व्याघ्रक्षेत्रातील स्थलांतर स्वेच्छेनेच व्हावे, असे वन्यजीव कायद्यातील 2006 ची दुरुस्ती सांगते. तेव्हा रानातील कुणबी कुटुंब 'गेले', 'उठले' की 'हाकलले गेले', हा केवळ शैलीचा प्रश्न नव्हे. स्वेच्छा असेल तर ते कुटुंब कर्ता होय. नसेल तर कर्म. क्रियापद योजण्यापूर्वी जाणाऱ्यासच विचारावे, असे आम्हांस वाटते.