बेचाळीस दिवसांची राखण

परभणी जिल्ह्यातील माता-बाल आरोग्यसेवा इमारतींवरून मोजली, तर सरकारी निकषांप्रमाणे सुमारे ३० हजार लोकसंख्येमागे प्राथमिक आरोग्य केंद्र, ५ हजारांमागे उपकेंद्र आणि त्यांच्यावर रुग्णालये अशी उतरंड दिसते. परंतु बाळंतीण घरी परतली की ही सेवा तिच्या उंबऱ्याशी येते ती आशा स्वयंसेविकेच्या, म्हणजे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावातूनच निवडलेल्या स्त्रीच्या, पायांनी. तिच्या या कामाचा पाया गडचिरोलीत घातला गेला. ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकाची घरच्या घरी देखभाल करण्यास शिकवले आणि त्यामुळे बालमृत्यू घटतात, हे १९९९ मध्ये जगापुढे मांडले.

दवाखान्यात बाळंतपण झाल्यास आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी येते. घरी झाल्यास पहिल्या दिवशीची भेट वाढते. हात साबणाने धुऊन ती बाळाला झोळीच्या काट्यावर तोलते, काखेत तापमापी धरते आणि बाळ शांत असताना पोटाच्या हालचालीवरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. ६० किंवा अधिक भरले, तर पुन्हा मोजते आणि दुसऱ्यांदाही तेवढे भरले, तर बाळाला रुग्णालयात पाठवते. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार ही ने-आण आणि उपचार मोफत असतात. एवढ्या जबाबदारीच्या सर्व फेऱ्या पूर्ण झाल्यावर मिळणारा २५० रुपयांचा मोबदला मात्र अत्यंत तोकडा आहे.

आई बेचाळीस दिवस एकाच घरी राहील, हे या वेळापत्रकाचे गृहीत परभणीत सहज मोडते. पहिले बाळंतपण माहेरी होते. शिवाय गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतील कितीतरी जोडपी मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि तान्ही मुले त्यांच्यासोबत फडावर जातात. अशा वेळी दोन गावांच्या सेविकांना जोडणारा दुवा एकच उरतो, तो म्हणजे तपासण्या, वजने व लसी नोंदवलेले माता-बाल संरक्षण कार्ड. ते घरीच राहिले, तर नव्या ठिकाणच्या सेविकेला जन्मवजन आईच्या आठवणीवरून लिहून घ्यावे लागते.