अन्नातील चोथा आणि यकृताचे आरोग्य

शरीरशास्त्राच्या जुन्या क्रमिक पुस्तकांत अन्नघटकांची यादी दिलेली असे : पिष्टमय पदार्थ, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, क्षार आणि पाणी. यादी संपल्यावर एका ओळीत ‘चोथा’ येई. त्याने शौचास साफ होते, एवढे सांगून लेखक पुढच्या धड्याकडे वळत. नावच टाकून देण्याच्या वस्तूचे! ऊस चघळून चोथा थुंकावा, तशीच अन्नातील चोथ्याविषयीची समजूत होती. गेल्या पन्नास वर्षांत ती पार पालटली. हा पालट आपल्या घरांशी निगडित आहे. कारण पोटाची तपासणी करून ‘यकृतावर चरबी’ असा शेरा घेऊन येणारी माणसे आता कोणत्याही गोतावळ्यात भेटतात.

ह्या शेऱ्याने माणूस प्रथम ओशाळतो. यकृत बिघडते ते दारूने, असेच आपण ऐकत आलो. आम्हा मुसलमानांच्या घरी मद्य वर्ज्य; तरी आमच्या नातलगांत हा शेरा येतो, आणि गळ्यात माळ घातलेल्या शेजाऱ्यांकडेही येतो. दारूवाचून होणाऱ्या ह्या विकाराचा समावेश भारत सरकारने २०२१ साली असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. स्थूलता, मधुमेह आणि बैठे काम ही त्याची परिचित कारणे होत. त्यांत चोथ्याचा संबंध कोठे येतो, हे समजण्यास अन्नाचा मार्ग पाहिला पाहिजे.

ऊन भात, पोळी, बटाटा ह्यांतील बहुतेक पिष्टाची लहान आतड्यात साखर होते आणि ती रक्तात शोषली जाते. चोथ्याचे विघटन करील असा पाचकरस मात्र मनुष्यदेहात नाही. तो जसाच्या तसा मोठ्या आतड्यात उतरतो. तेथे असंख्य सूक्ष्मजंतूंची वस्ती आहे, आणि आपले उरलेले हे त्यांचे जेवण. इडलीचे पीठ आंबावे तसे ते चोथ्याचे बरेचसे प्रकार आंबवतात. त्यातून तीन आम्ले प्रामुख्याने तयार होतात : ॲसेटिक (व्हिनेगरमध्ये असते तेच), प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. पैकी ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. ते भरपूर मिळाले म्हणजे अस्तर घट्ट राहते.

आता यकृताकडे वळू. आतड्यांतून निघालेले रक्त सरळ हृदयाकडे जात नाही; ते आधी यकृतात जाते. जुन्या जकातनाक्यावर गावात येणारा माल जसा अडवून तपासला जाई, तसे आतड्यांतून येणारे बहुतेक द्रव्य यकृत पारखून घेते. अस्तर सैल झाले तर जंतूंच्या शरीराचे तुकडे आणि त्यांची विषद्रव्ये ह्याच वाटेने यकृतात शिरतात, आणि तेथे आधीच चरबी साठलेली असली तर दाह वाढतो. यकृताचे दुखणे आतड्यात राखावे लागते ते ह्यामुळे.

चोथ्याला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय बऱ्याच अंशी डेनिस बर्किट ह्या आयरिश शल्यवैद्याकडे जाते. त्यांनी अनेक वर्षे युगांडात काम केले. तेथील खेड्यांतील लोकांत मोठ्या आतड्याचे कितीतरी विकार क्वचितच दिसतात, हे त्यांच्या ध्यानी आले, आणि १९७२ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा संबंध आहारातील चोथ्याशी जोडला. त्यांची सर्वच अनुमाने पुढे टिकली नाहीत, पण दिशा बरोबर होती.

पुढे १९८२ साली हॅन्स एंग्लिस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एका गोष्टीला नाव दिले : ‘रेझिस्टंट स्टार्च’, म्हणजे पाचकरसांना न बधणारे पिष्ट. हे पिष्ट असूनही चोथ्यासारखे वागते. अख्ख्या कडधान्यांत ते पेशींच्या भिंतींआड कोंडलेले असते. धान्य घोटले की भिंती फुटतात. आमचे हलीम तासन् तास घोटतात, तेव्हा त्यातील चोथा राहतो, पण असे पिष्ट फारसे उरत नसावे! (त्याची चव मात्र घोटण्यातच आहे.) कच्च्या केळ्यात ते विपुल असते, परंतु भाजी शिजवली की बरेचसे जाते. शिजलेला भात किंवा बटाटा थंड झाला म्हणजे काही पिष्टाचे कण पुन्हा घट्ट जुळतात आणि ते नव्याने तयार होते.

२०२३ साली शांघाय येथील संशोधकांनी यकृतावर चरबी असलेल्या २०० रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना चार महिने रोज ४० ग्रॅम असे पिष्ट दिले, उरलेल्यांना तितक्याच उष्मांकांचे साधे पिष्ट. पहिल्या गटात यकृतातील चरबी लक्षणीय उतरली. वजन घटल्याचा वाटा वगळला तरी घट उरली. ही वार्ता पसरताच ‘शिळा भात खा, यकृत सुधारेल’ असा उपदेश सुरू झाला. येथे गणित मांडून पाहावे. २०१५ च्या एका इंडोनेशियन अभ्यासात ताज्या भातात शेकडा ०.६४ ग्रॅम आणि चोवीस तास शीतपेटीत ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात शेकडा १.६५ ग्रॅम असे पिष्ट आढळले. ह्या हिशेबाने ४० ग्रॅमसाठी दिवसाला सुमारे दोन किलो चारशे ग्रॅम भात खावा लागेल. मग यकृताचे काय होईल, हे सांगावयास नको. प्रयोगात वापरले ते खास पिष्ट होते.

म्हणून शिळ्या भातापेक्षा रोजच्या ताटातील एकूण चोथ्याकडे लक्ष देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांस दररोज निदान २५ ग्रॅम चोथा सांगितला. आपल्या हैदराबादेत तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे; तिने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, बाजरीत व कणकेत ११ ग्रॅमांहून थोडा अधिक, आणि अख्ख्या हरभऱ्यात २५ ग्रॅम चोथा असतो. सडलेला तांदूळ आणि मैदा ह्यांत तो ३ ग्रॅमही नाही. दोन मध्यम भाकऱ्यांना १०० ग्रॅमच्या आसपास पीठ लागते. त्यांच्या जोडीला ४० ग्रॅम हरभऱ्यांची उसळ घेतली की वीस ग्रॅमांची मजल झाली. उरलेले भाजी, डाळ आणि फळ पुरवतात. मराठवाड्यातून येथे आलेल्या आपल्या वाडवडिलांचे हेच जेवण होते. इकडे स्थिरावल्यावर दोन्ही वेळा पांढरा भात आला, आणि चहाबरोबर मैद्याची उस्मानिया बिस्किटे आली. भाकरी पाहुण्यापुढे ठेवण्यास संकोच वाटू लागला, हे त्याहून वाईट. न्यासाच्या स्नेहभोजनात एका पंक्तीस तरी भाकरी वाढता येईल काय, ह्याचा कार्यकारिणीने विचार करावा.

इसबगोलाविषयी अनेक जण विचारतात. त्याने शौचास साफ होते, ह्यात शंका नाही. पण आतड्यातील जंतू ते फारसे आंबवू शकत नाहीत, म्हणून उसळीचे काम त्याच्याकडून अपेक्षू नये.

शिळा भात खावयाचाच असेल तर तो शिजल्यावर तासाभरात निववून शीतपेटीत ठेवावा. आपल्याकडील उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जंतू वाढून असे विष तयार होऊ शकते की पुन्हा गरम केल्यानेही ते नष्ट होत नाही. चोथा वाढवणे तो आठवड्या-आठवड्याने वाढवावा आणि पाणी भरपूर प्यावे; एकदम वाढवल्यास पोट फुगते आणि माणूस चार दिवसांत कंटाळून सोडून देतो. ज्यांचे आतडे अरुंद झाले आहे, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे किंवा यकृताचा विकार पुढे गेला आहे, त्यांनी ताटात फेरफार करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांस विचारावे.