बूड पाहा, साल सांगा!

तुमच्या घरात लोणच्याची चिनी मातीची बरणी असेलच. ती कधी उपडी करून पाहिली आहे का? (रिकामी असताना बरं का, नाहीतर आईची बोलणी खाल आणि वर माझं नाव सांगाल!) बरणीच्या बुडाशी बहुधा कारखान्याचा एखादा ठसा दिसतो, आपण तो पाहतो आणि विसरतो. पण अमेरिकेत असे काही छांदिष्ट लोक आहेत, की सुंदर फुलदाणी हाती आली तर ते तिच्यावरची फुलं नंतर पाहतात. आधी ती उपडी करतात. कारण तिची सगळी कुंडली बुडाशी लिहिलेली असते.

ही भांडी तिथे 'आर्ट पॉटरी' म्हणून ओळखली जातात. म्हणजे रोजच्या वापरापेक्षा डोळ्यांना आनंद देण्यासाठी घडवलेली मातीची भांडी. त्यांच्या कारखान्यांत सगळ्यांत नावाजलेला म्हणजे ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरातला 'रुकवूड'. मारिया लाँगवर्थ निकोल्स नावाच्या बाईंनी तो १८८० साली काढला. कुठे, माहीत आहे? वडिलांनी लिलावात घेतलेल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत! रुकवूड हे वडिलांच्या वाडीचं नाव. तिथे कावळ्यांची वस्ती फार, म्हणून ते नाव पडलं होतं. शिवाय इंग्लंडच्या प्रसिद्ध 'वेजवूड'शी ते छान जुळतही होतं.

रुकवूडची खरी गंमत आहे तिच्या खुणेत. १८८६ साली त्यांनी नवी खूण ठरवली. इंग्रजी 'आर' आणि 'पी' ही अक्षरं एकमेकांना पाठ लावून उभी, त्यातला 'आर' आरशात पाहावा तसा उलटा. पुढच्या वर्षी, १८८७ मध्ये, त्या खुणेच्या डोक्यावर एक छोटी ज्योत आली. १८८८ मध्ये दोन ज्योती. दर वर्षी एकेक वाढत १९०० साली चौदा ज्योती झाल्या आणि अक्षरांभोवती जागाच उरली नाही! मग १९०१ पासून चौदा ज्योती तशाच ठेवून खाली रोमन आकडे घालायला सुरुवात झाली, घड्याळाच्या तबकडीवर असतात ना, तसे. म्हणजे जुन्या भांड्याचं साल काढायचं गणित अगदी सोपं. ज्योती मोजा आणि त्यात १८८६ मिळवा. नऊ ज्योती? १८९५!

बुडावरचा मजकूर एवढ्यावर संपत नाही. एक आकडा असतो, तो आकाराचा. त्याच्याजवळचं अक्षर मापाचं. त्या आकारातलं सगळ्यांत मोठं भांडं 'ए', त्याहून लहान 'बी', असं उतरत 'एफ'पर्यंत. आणि ज्यानं किंवा जिनं चित्र काढलं, त्या कलावंताची आद्याक्षरं. १८८७ साली इथे कातारो शिरायामादानी नावाचे जपानी चित्रकार कामाला लागले. त्यांची सही मात्र जपानी अक्षरांत, वरून खाली लिहिलेली. रोमन अक्षरांच्या त्या गर्दीत ती झटकन ओळखू येते. हे चित्रकार ओल्या भांड्यावर रंग म्हणून चक्क रंगीत पातळ माती लावत, मग भांडं भाजत आणि वर काचेसारखी झिलई देऊन पुन्हा भट्टीत घालत. झिलईखाली चित्र कायमचं बंदिस्त!

मला विचाराल तर सगळ्यांत आवडणारी खूण वेगळीच आहे. भट्टीतून निघालेल्या भांड्यात खोट राहिली, झिलईला फोड आला किंवा रंग बिघडला, तर रुकवूडवाले त्याच्या बुडावर सहाणेच्या चाकानं एक फुली कापत. असं भांडं कमी किमतीला जाई. आपल्याच मालावर 'हा दुय्यम आहे' असं कोरून ठेवायचं, तेही कधी पुसता येणार नाही असं! शंभर वर्षांनंतरही ती फुली गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगते.

दक्षिणेकडे न्यू ऑर्लिन्समधल्या न्यूकोम्ब या मुलींच्या कॉलेजातही १८९५ पासून भांडी बनू लागली. मुलींना चार पैसे मिळवून देणारी कला शिकवावी, हा हेतू. निळ्या-हिरव्या रंगात शेवाळासारख्या झिपऱ्या लोंबणारे ओक वृक्ष आणि मागे चंद्र, हे त्यांचं गाजलेलं चित्र. खूण म्हणजे 'सी'च्या पोटात 'एन'.

आता ओहायोतच परत येऊ, 'रोझविल'कडे. ही कंपनी १८९० साली सुरू झाली आणि १९५४ साली बंद पडली. इथली बहुतेक भांडी साच्यातून काढलेली, त्यामुळे एकाच नक्षीची शेकडो. नक्षींना नावं असत : सूर्यफूल, कुमुद, क्लेमॅटिस (आपल्या रानातल्या मोरवेलीची ही बहीणच). सगळ्यांत गाजली ती 'पाइनकोन', चीड वृक्षाच्या फळाची नक्षी. निळी, हिरवी किंवा तपकिरी. आणि भांड्याचे कान खऱ्या डहाळीसारखे वाकलेले. ते कान पाहिले की नाव सांगता आलंच पाहिजे!

पण सूर्यफुलाचं भांडं मिळालं तर बूड कोरं असण्याची शक्यता जास्त. कारण त्या काळात कंपनी नुसता कागद चिकटवी आणि तो धुण्यात निघून जाई. तिथे ठसा कामाचा नाही. जुन्या कॅटलॉगमधली चित्रं पाहून पाकळी न् पाकळी ताडून पाहावी लागते.

आणि सावध राहावं लागतं ते वेगळ्याच कारणानं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात चीनमध्ये बनवलेली नकली रोझविल भांडी अमेरिकेच्या बाजारात आली. खऱ्या उशिराच्या भांड्यांवर उठावाच्या अक्षरांत 'रोझविल यू.एस.ए.' असतं. पहिल्या नकलांवर नुसतंच 'रोझविल' होतं. ही युक्ती सगळ्यांना कळली, तेव्हा नकला करणाऱ्यांनी 'यू.एस.ए.'सुद्धा घातलं! शिवाय १९३० च्या दशकातल्या काही अस्सल भांड्यांवरही देशाचं नाव नाही, पण तिथे अक्षरं उठावाची नसून आत दाबलेली आहेत. म्हणून नुसत्या ठशावर विसंबून चालत नाही. नक्षी पाहायची. अस्सल भांड्यात पाकळीची कड रेखीव असते, नकलेत साचा बोथट, रंग भडक आणि फुलाबाहेर ओघळलेला.

आणखी एक परीक्षा तर आपल्या आजीकडूनच शिकण्यासारखी आहे. माठ घेताना ती काय करते? टिचकी मारते. आवाज खणखणीत आला तर माठ चांगला, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. अमेरिकेतले संग्राहकही फुलदाणी हातात घेऊन हळूच टिचकी मारतात. डोळ्यांना न दिसणारी भेग कानाला कळते.

आता तुमची परीक्षा. जुन्या बाजारात एक फुलदाणी आहे. बुडाशी पाठीला पाठ लावलेले 'आर' आणि 'पी', वर अकरा ज्योती, मापाचं अक्षर 'डी', उभी जपानी सही आणि कडेला एक कापलेली फुली. ती कोणत्या साली बनली? कोणी रंगवली? आणि ती भट्टीतून बाहेर आली तेव्हा तिच्यात काहीतरी बिघडलं होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?