आजोबांचे बळ आणि पेशींची चूल

कार्ल्याच्या एकवीरा आईच्या पायऱ्या एकेकाळी सहज चढणारे आजोबा आता दहा पायऱ्यांवर थांबतात, तेव्हा ‘वय झाले’ एवढे म्हणून घरातील मंडळी विषय संपवितात. वय होते हे खरे. परंतु आपल्या पेशी काय मागतात हे जाणले, तर पुष्कळसे बळ राखता येते.

लोणावळ्याच्या चिक्कीचा तुकडा डोळ्यांपुढे आणा. गुळातील साखर हे कर्बोदक; शेंगदाण्यात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने. पहिली दोन मुख्यतः इंधन पुरवितात, प्रथिने बांधणी करतात. चौथा जैवरेणू म्हणजे न्यूक्लिक आम्ल. त्यात ही बांधणी कशी करावी याच्या सूचना असतात.

हे इंधन पेशीला जसेच्या तसे चालत नाही. त्यातून एटीपी नावाचा रेणू घडवावा लागतो. ऑक्सिजनविना ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे 2 रेणू मिळतात; पेशीतील तंतुकणिकांत ऑक्सिजनच्या साहाय्याने ते काम पूर्ण झाले, तर सुमारे 30. एटीपीचा साठा अगदी थोडा असतो, म्हणून ही चूल अखंड पेटती ठेवावी लागते. चढणीवर श्वास वाढतो तो यासाठीच.

प्रत्येक पेशीची तऱ्हा निराळी. तांबड्या रक्तपेशीत तंतुकणिका नसतात. वाहून आणलेला ऑक्सिजन ती स्वतः खर्च करीत नाही. तिचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे. लोह वा बी-12 जीवनसत्त्व कमी पडले की नव्या पेशी पुरेशा घडत नाहीत आणि थकवा येतो. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण विश्रांतीच्या वेळीही सुमारे 20 टक्के ऊर्जा त्यालाच लागते. स्नायुपेशींतील तंतुकणिका मात्र वापराने वाढतात आणि पडून राहिल्याने घटतात.

म्हणूनच वृद्धांना केवळ मऊ भात वा पेज देऊन निजवून ठेवणे हिताचे नाही. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राची देणगी असलेला इंद्रायणी तांदूळ रुचकर खराच. पण वाटीभर भातातून प्रथिने मिळतात 3-4 ग्रॅम. साठ किलो वजनाच्या व्यक्तीची रोजची गरज सुमारे 50 ग्रॅम आहे. तेव्हा भातासोबत घट्ट वरण, मऊ शिजविलेले मूग, पिठले, दही, चालत असल्यास अंडे द्यावे. दात नसतील तर दाण्याचे कूट आहेच. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी चिक्की जपून खावी.

आधार धरून खुर्चीतून उठणे-बसणे, अंगणात फेऱ्या मारणे, एवढा व्यायामही स्नायूंना पुरेसा संदेश देतो. मात्र थकवा अचानक वाढला, बसल्या जागी धाप लागली, पायांवर सूज आली, तर त्याला वय समजून थांबू नका. त्वरित तपासणी करून घ्या. छातीत दुखू लागल्यास तर क्षणही दवडू नका, थेट रुग्णालय गाठा.