मुंबईत शाल कशाला?

अंधेरीहूनच सुटणारी चर्चगेट स्लो मिळाली की लेडीज डब्यात बसायला जागा मिळते आणि पिशवीतून विणकाम बाहेर निघतं. लांब सरळ सुया शेजारणीच्या बरगडीत जातात, म्हणून नायलॉनच्या दोरीने जोडलेली गोल सुई बरी. थोड्या वेळात प्रश्न येतोच, "अहो, मुंबईत शाल कशाला?" रास्त प्रश्न आहे. ही शाल थंडीसाठी नाहीच, धागा मिरवण्यासाठी आहे.

धागा हातकताईचा, लोकरीचा. एकाच लडीत हळदीच्या पिवळ्यावरून मंजिष्ठाच्या तांबड्याकडे आणि तिथून निळीकडे सरकणारा.

हाताने लोकर कातणं आपल्याला नवं नाही. दख्खनी मेंढीच्या लोकरीचं सूत काढून सनगर खड्डामागावर घोंगडी विणत आले, चिंचोक्याची खळ देऊन. पण ती लोकर राठ, मानेला टोचणारी. रंगही मेंढीच्या अंगचेच, काळा, करडा, पांढरा. रंगीत शालीला मऊ मेरिनो लागते. घरात आजीचा पेटी चरखा असेल तर मोह होतो, पण तो कापसाच्या पेळूसाठी. 1929 साली सुधारित चरख्याला एक लाखाचं बक्षीस जाहीर झालं होतं, त्या शोधाच्या काळातला आणि येरवड्याच्या तुरुंगात घडलेला. त्याची चाती इतकी वेगात फिरते की लोकरीला नको तितका पीळ बसतो. लोकरीला साधी, जरा वजनदार टकळी चांगली.

खरी नक्षी तिथेच ठरते, सुईवर नाही. दोन वेगवेगळे धागे एकत्र पिळले की रंग एकमेकांत मिसळून ठिपकेदार होतात. पट्टे स्वच्छ हवे असतील तर एकाच धाग्याचे साखळीसारखे फासे ओढत तीन पदर करायचे. पिवळ्याशेजारी पिवळाच येतो. पिळण्याची दिशा मात्र कताईच्या उलट, नाहीतर सगळं उलगडतं.

आता त्रिकोणी शालीची गंमत. मानेपाशी पाच टाके घालायचे आणि दर दुसऱ्या ओळीला चार वाढवायचे: दोन कडांना, दोन मधल्या कण्याच्या दोन्ही अंगांना. शंभराव्या ओळीला 205 टाके होतात. पहिल्या दहा ओळींत मिळून टाके फक्त 150, म्हणजे मानेशी दहा ओळींचा ऐसपैस पट्टा देणारा पिवळा काठाशी एक ओळही पुरी करत नाही. माझ्या पहिल्या शालीचा काठ असाच गढूळ झाला. तेव्हापासून काठासाठीच्या लोकरीत एकेक रंग लांबवर कातते.

आणि जाळीची नक्षी? माझं मत स्पष्ट आहे: नको. जाळी हवी असेल तर धागा एकरंगी घ्या. दोघींनी एकदम बोलायला सुरुवात केली की कोणाचंच ऐकू येत नाही. दोन्ही बाजूंनी सुलट टाके, बस्स. त्यात धाग्याचा जाडेबारीकपणाही खपून जातो.

पहिल्यांदाच करणार असाल तर त्रिकोणाच्या नादी लागू नका, आयताकृती करा. रुंदी एकच राहते आणि पट्टेही. टाके बंद केल्यावर उरलेला धागा फेकू नका. पुढेमागे कसर लागलीच तर रफू करायला नेमका तो रंग लागेल आणि तो दुकानात मिळणार नाही.