फत्तेखेर्डा, टोलीचौकी आणि ज्वारीचं धिरडं

वऱ्हाडातल्या साखरखेर्ड्याला आज कुणी फत्तेखेर्डा म्हणत नाही. पळसिद्ध महाराजांचा मठ विचारा, लोक थेट दारापर्यंत आणून सोडतील. फत्तेखेर्डा विचारलंत तर तोंडाकडे बघत राहतील. जुन्या गॅझेटियरमध्ये मात्र हे नाव आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये याच शिवारात निजाम-उल-मुल्काची आणि दिल्लीने दख्खनच्या सुभ्यावर नेमलेल्या मुबारिझखानाची गाठ पडली. मुबारिझखान मारला गेला आणि निजामाने विजयाची खूण म्हणून गावाचं नाव बदललं. नाव टिकलं नाही, राज्य टिकलं. हैदराबाद संस्थान उभं राहिलं ते या लढाईच्या बळावर. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे जाईपर्यंत हा मुलूखही निजामाच्याच अमलाखाली होता.

आज कुणाला सोमाली माणसं भेटायची असतील, तर त्याच हैदराबादची वाट धरावी. टोलीचौकीतल्या पॅरामाउंट कॉलनीत ती दिसतात. बहुतेक शिकायला आलेली तरुण पोरं. पण काही कुटुंबं अशीही, ज्यांना परत जायला घर उरलेलं नाही. जानेवारी १९९१ मध्ये सियाद बारेची राजवट कोसळली आणि सोमालियातून माणसं बाहेर पडू लागली. बहुतेक शेजारच्या केनियात, इथिओपियात, येमेनमध्ये गेली. थोडी भारतात आली.

मराठी वर्तमानपत्रात सोमाली माणूस येतो तो ‘चाचा’ म्हणून. मार्च २०२४ मध्ये नौदलाने ‘रुएन’ जहाजावरचे ३५ चाचे पकडून मुंबई पोलिसांच्या हवाली केले, तेव्हा रकानेच्या रकाने भरले. पण सोमालियाचे राष्ट्राध्यक्ष हसन शेख महमूद ऐंशीच्या दशकात भोपाळला शिकले, हे किती जणांना ठाऊक आहे? भोपाळ म्हणजे आपल्या सातपुड्याच्या पल्याडचं गाव.

आफ्रिकेच्या त्या कोपऱ्यातला माणूस या मुलखाला नवा नाही. मलिक अंबर जन्मला इथिओपियात, हरारच्या भागात. हरारचा समुद्राकडचा रस्ता आजच्या सोमाली किनाऱ्यावरच्या झैला बंदराला जातो. अंबर सोमाली नव्हता, हे इथेच सांगून टाकतो. ‘हबशी’ या एका शब्दात आपण अर्धी आफ्रिका कोंबतो, आणि पुढे त्याचीच शिवी करतो. लहानपणीच विकला गेलेला हा मुलगा मोखा, बगदाद असा हातोहात फिरत अहमदनगरला पोचला. तिथे त्याला विकत घेतलं ते निजामशाहीच्या पेशव्याने, चंगेझखानाने. तोही हबशीच, तोही एकेकाळचा गुलाम. धनी मेल्यावर अंबर मोकळा झाला, आणि पुढचं आपण शाळेत शिकलो: १६१० मध्ये वसवलेलं खडकी, तिथली नहर, जमिनीची धारा.

या गोष्टीचे गोडवे गाऊ नयेत. गुलामीच्या बाजारातून आलेल्या माणसाला ‘पाहुणा’ म्हणणं ही थट्टाच. तरीही दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. अंबरला आल्याबरोबर काम मिळालं, आणि त्याच्या आधी वर चढलेला त्याच्याच मातीतला एक माणूस शिडी धरून उभा होता. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत सिंदखेडचे लखुजी जाधव मोगलांच्या बाजूने होते आणि त्यांचे जावई शहाजीराजे अंबरच्या बाजूने. सिंदखेड राजा म्हणजे साखरखेर्ड्याचं तालुक्याचं गाव. म्हणजे अंबर इथल्या घराघरांच्या भांडणात पुरता मुरला होता. मुरणं म्हणतात ते याला. जहांगीर मात्र त्याच्या रंगावरून शिव्या देत राहिला. अंबरच्या तुटलेल्या मुंडक्यावर बाण सोडतानाचं स्वतःचं काल्पनिक चित्रही त्याने काढून घेतलं.

पुढे हैदराबादच्या निजामाच्या पदरी आफ्रिकी घोडदळ होतं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, घोडदळ गेलं. हैदराबादेत ‘एसी गार्ड्स’ ही वस्ती उरली. त्या शिपायांच्या नातवंडा-पणतवंडांच्या मरफ्याचा ठेका आजही हैदराबादच्या लग्नांत घुमतो.

टोलीचौकीच्या सोमाली कुटुंबाला काम आणि शिडी, हे दोन्ही मिळत नाही, असं मी म्हणणार नाही. शिडी धरणारी माणसं आहेत. दिल्लीत बोस्को, हैदराबादेत कोवा यांसारख्या संस्था संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाबरोबर काम करत आल्या आहेत: भाषेचे वर्ग, शाळाप्रवेश, दवाखान्यात सोबत. त्याहून जवळचा आधार त्यांचा त्यांचाच. सोमाली बायका जगात कुठेही गेल्या, नैरोबीत, मिनियापोलिसमध्ये, तरी ‘हगबाद’ सुरू करतात. दर महिन्याला ठरलेली रक्कम प्रत्येकीने टाकायची, आणि पाळीपाळीने सगळी रक्कम एकीला. आपली भिशीच ती. ना कागद, ना जामीन. तोंडओळखीवर चालणारी बँक.

अडतं ते कामापाशी. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. कायद्याच्या लेखी निर्वासित नुसता परदेशी. उच्चायुक्तालयाचं कार्ड खिशात असलं तरी त्या कार्डावर नोकरी मिळत नाही, बँकेत खातं उघडताना दमछाक होते, आणि घरमालक रंग पाहून भाडं सांगतो ते वेगळंच. मग शिकवणी, भाषांतर, घरगुती स्वयंपाकाचे डबे, जे जमेल ते, तेही दबक्या पावलांनी. अमेरिकेत मिनेसोटाला गेलेल्या सोमाली निर्वासिताला पहिल्या दिवसापासून काम करायची मुभा असे. तिथल्या मांस-कारखान्यांत, टॅक्सीत, दुकानांत ही माणसं रुळली. मोगादिशूत जन्मलेल्या इल्हान ओमर २०१८ मध्ये तिथून काँग्रेसमध्ये निवडून गेल्या. जानेवारी २०२५ पासून अमेरिकेने बहुतेक निर्वासितांना घेणं थांबवलं, जूनमध्ये सोमालियावर प्रवासबंदीही घातली. हैदराबाद-दिल्लीत बसून ‘तिसऱ्या देशाची’ वाट पाहणाऱ्यांच्या तोंडावर ते दार लागलं.

जाता जाता स्वयंपाकघरातलं. सोमाली घरात सकाळी ‘अंजेरो’ होतं: पीठ रात्री भिजवून आंबवायचं, सकाळी तव्यावर एकाच बाजूने भाजायचं, वर जाळी पडली पाहिजे. जुन्या रीतीने ते पीठ ज्वारीचं. ही ज्वारीही आफ्रिकेचीच. काही हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आली आणि वऱ्हाडात अशी रुजली की तिला कुणी परकी म्हटलं नाही. साखरखेर्ड्याच्या शिवारात आता सोयाबीन जास्त. ज्वारी बांधाआड थोडी, घरच्या भाकरीपुरती.