तंद्री नव्हे, झटका

अपस्मार किंवा फीट म्हटलं की शिक्षकांच्या डोळ्यांपुढे येतं ते जमिनीवर कोसळून हातपाय झाडणारं, तोंडाला फेस आलेलं मूल. पण हे अपस्माराचं एकच रूप झालं. साधारण 4 ते 10 या वयात सुरू होणाऱ्या एका प्रकारात मूल पडत नाही, ओरडत नाही. फळ्यावरचं उतरवून घेताना पेन्सिल थांबते, नजर शून्यात जाते, पापण्या किंचित फडफडतात आणि 10-15 सेकंदांत मूल पुन्हा लिहू लागतं. वहीत मधले काही शब्द गळलेले असतात. हे दिवसात कित्येकदा घडू शकतं, आणि प्रगतिपुस्तकात शेरा पडतो, ‘लक्ष नसते’. तंद्री लागलेलं मूल खांद्याला हात लावला की सहसा भानावर येतं, झटक्यातलं येत नाही. ओरडा खाऊन तर त्यातलं काहीच सुधारत नाही.

‘आम्ही काही डॉक्टर नाही,’ असं शिक्षक म्हणतील. निदान डॉक्टरांनीच करायचं. पण ते करताना त्यांचा मोठा आधार असतो झटका पाहणाऱ्याचं वर्णन. दोन झटक्यांच्या मधल्या काळात मेंदूचा विद्युत आलेख, म्हणजे ईईजी, नॉर्मल येऊ शकतो, आणि मोठ्या झटक्यानंतरही दवाखान्यात पोचेपर्यंत मूल अनेकदा सावरलेलं असतं. तेव्हा काय करताना झालं, किती सेकंद टिकलं, नजर कुठे होती, नंतर मूल कसं वागलं, एवढ्या चार ओळी लिहून पालकांच्या हाती दिल्या तरी उपचाराची वाट मोकळी होते.

मोठा झटका आला की आजही कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. बहुतेक झटके मेंदूतली विद्युत खळबळ शमली की दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. त्या वेळी नाकाशी चप्पल असते, म्हणून श्रेय तिला जातं. जीभ गिळली जाईल ही भीतीही निराधार आहे. दातांत घातलेल्या चमच्याने मात्र दात तुटतात. बाकं बाजूला करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. हातपाय दाबून धरू नका आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नका. झटका 5 मिनिटांहून लांबला, लागोपाठ दुसरा आला, इजा झाली किंवा हा मुलाचा पहिलाच झटका असला तर 108 ला फोन करा.

‘काही झालं तर जबाबदार कोण?’ ही धास्ती खरी आहे. पण तिच्यापायी मुलाला खेळातून आणि सहलीतून वगळणं चूक आहे. योग्य औषधांनी सुमारे 70 टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोहताना आणि उंचावर चढताना नजर ठेवावी लागते, बाकी बहुतेक गोष्टी या मुलांना करता येतात. पालक आजार लपवतात, विशेषतः मुलींचा, त्यालाही कारण आहे: 1999 पर्यंत हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके हा विवाहाला अडथळा होता. कायदा बदलला, भीती मागे राहिली. म्हणून जूनमध्ये शाळा उघडली की पालकांना एकेकटं भेटून याबद्दल विचारा, आणि जे सांगतील त्यांचं मूल सहलीच्या यादीत राहील असा शब्द द्या.